मूळ वापरकर्त्याचा शेल

मूळ वापरकर्त्याचा शेल म्हणजे युनिक्स व युनिक्ससदृश संचालन प्रणालींमध्ये 'रूट' या सर्वाधिकारी प्रशासक खात्याने प्रवेश केल्यावर सुरू होणारा आज्ञा-अर्थक कार्यक्रम होय. सर्वसाधारण वापरकर्त्याने आपला शेल बदलला आणि त्यात चूक झाली, तर अडचण त्याच्या खात्यापुरतीच राहते. रूट खात्याचा शेल बिघडला तर मात्र दुरुस्तीसाठी लागणारे अधिकार ज्या खात्याकडे असतात त्याच खात्याचे दार बंद होते. त्यामुळे वरवर किरकोळ वाटणारा हा बदल प्रणाली-प्रशासनात जोखमीचा मानला जातो.

या लेखात आज्ञा, संचिका व मार्ग यांची नावे देवनागरीत उच्चारानुसार दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत टंकावी लागतात.

## पार्श्वभूमी

शेल हा वापरकर्ता आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, यांच्यामधील दुभाष्या असतो. वापरकर्त्याने टंकलेली ओळ वाचणे, तिचे आज्ञा व प्राचल असे तुकडे पाडणे, संबंधित कार्यक्रम शोधून चालवणे आणि त्याचे फलित दाखवणे ही त्याची कामे होत. शेल हा कर्नलचा भाग नसून इतर कार्यक्रमांसारखाच एक कार्यक्रम आहे. म्हणूनच तो बदलता येतो, आणि इतर कार्यक्रमांप्रमाणेच तो हरवू किंवा बिघडूही शकतो.

कोणत्या खात्याला कोणता शेल मिळावा याची नोंद परंपरेने '/इटीसी/पासडब्ल्यूडी' या संचिकेत असते. या संचिकेत प्रत्येक खात्यासाठी एक ओळ असून तिच्यात अपूर्णविरामांनी विभागलेले सात रकाने असतात: खात्याचे नाव, परवलीच्या शब्दाची जागा, वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक, वर्णन, गृहनिर्देशिका आणि शेलचा संपूर्ण मार्ग. सातवा रकाना रिकामा असल्यास '/बिन/एसएच' हा शेल गृहीत धरला जातो. रूट खात्याची ओळख नावावरून नव्हे, तर तिसऱ्या रकान्यातील ० या क्रमांकावरून ठरते.

या संचिकेशी निगडित दुसरी संचिका म्हणजे '/इटीसी/शेल्स'. प्रणालीत मान्य असलेल्या शेलची यादी तिच्यात असते. सामान्य वापरकर्त्याला 'सीएचएसएच' या आज्ञेने केवळ यादीतील शेलच निवडता येतो. लिनक्समध्ये रूटला हे बंधन नसते. यादीबाहेरच्या मार्गासाठी फार तर सूचना मिळते, बदल मात्र होतो. अनेक अपघातांचे मूळ याच सवलतीत असते. आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत अशी यादी '/इटीसी/सिक्युरिटी/लॉगिन.सीएफजी' या संचिकेतही असते.

## इतिहास

युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीतील शेल केन थॉम्पसन यांनी लिहिला होता (१९७१). १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचा बॉर्न शेल आला आणि '/बिन/एसएच' हे नाव त्याला मिळाले. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय यांनी सी शेल तयार केला. पुढे डेव्हिड कॉर्न यांचा कॉर्न शेल (१९८३), ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश (१९८९), पॉल फॉलस्टॅड यांचा झेडशेल (१९९०) आणि ॲक्सेल लिलियेनक्रान्ट्झ यांचा फिश (२००५) हे शेल प्रचारात आले.

नवे शेल वापरण्यास अधिक सोयीचे होते. पूर्वीच्या आज्ञा पुन्हा बोलावणे, नावे आपोआप पूर्ण करणे, टंकलेली ओळ दुरुस्त करणे या सोयी जुन्या बॉर्न शेलमध्ये नव्हत्या. त्यामुळे आपल्या नेहमीच्या खात्यात बॅश वापरणाऱ्या प्रशासकांना रूट खात्यातही तोच शेल हवासा वाटू लागला. सोलारिस, एचपी-यूएक्स यांसारख्या व्यापारी युनिक्स प्रणालींमध्ये रूटचा शेल '/एसबिन/एसएच' असे. बॅश मात्र '/यूएसआर/बिन' किंवा '/यूएसआर/लोकल/बिन' या निर्देशिकेत बसवलेला असे. याच तफावतीतून या विषयातील सर्वांत जुनी आणि प्रसिद्ध अडचण निर्माण झाली.

## निरनिराळ्या प्रणालींतील स्थिती

* लिनक्स – डेबियन, उबुंटू, फेडोरा, रेड हॅट इत्यादी बहुतेक वितरणांत रूटचा शेल बॅश असतो. उबुंटूने २००६ मध्ये व डेबियनने २०११ मध्ये '/बिन/एसएच' हे नाव बॅशऐवजी डॅश या लहान शेलकडे वळवले. हा बदल संहितांपुरता होता, रूटच्या प्रवेशाचा शेल बॅशच राहिला.
* फ्रीबीएसडी – दीर्घकाळ रूटचा शेल सी शेल होता. २०२३ मध्ये आलेल्या १४.० या आवृत्तीपासून तो '/बिन/एसएच' करण्यात आला. या प्रणालीत 'टूर' नावाचे दुसरे शून्य क्रमांकाचे खातेही असते. रूट हे रोमन अक्षरांत उलटे लिहिले की हे नाव तयार होते. मूळ खात्याला हात न लावता वेगळा शेल वापरता यावा हा त्यामागील हेतू आहे.
* सोलारिस – जुन्या आवृत्त्यांत '/एसबिन/एसएच', तर ११ व्या आवृत्तीपासून बॅश.
* मॅकओएस – २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतो. रूटचा शेल मात्र '/बिन/एसएच' हाच आहे.

## उद्भवणाऱ्या अडचणी

### शेल न सापडणे

मार्ग लिहिताना अक्षर चुकणे, ओळीच्या शेवटी अनावश्यक मोकळी जागा राहणे, विंडोजवर संपादित केलेल्या संचिकेतील अदृश्य ओळ-समाप्ती चिन्ह शिल्लक राहणे, किंवा शेलचा संच नंतर प्रणालीतून काढून टाकणे ही या अडचणीची नेहमीची कारणे आहेत. परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश होताच सत्र संपते. 'एसयू' ही आज्ञा अशी संचिका वा निर्देशिका अस्तित्वात नाही, असे कळवते. ओपनएसएसएच सेवा तर शेलची संचिका नसल्यास प्रवेशच नाकारते. दूरच्या टोकाला परवलीचा शब्द चुकल्यासारखे भासते, पण खरे कारण सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिलेले असते.

संचिका जागेवर असूनही 'अस्तित्वात नाही' असा संदेश आल्यास तो शेल ज्या भारक कार्यक्रमावर अवलंबून आहे तो गहाळ असण्याची, किंवा शेल वेगळ्या प्रक्रियकासाठी बांधलेला असण्याची शक्यता असते.

### विभाग जोडलेला नसणे

पूर्वी लहान तबकड्यांमुळे '/यूएसआर' हा स्वतंत्र विभाग ठेवण्याची पद्धत होती. प्रणाली एकवापरकर्ता अवस्थेत सुरू केली असता केवळ मूळ विभाग जोडला जाई. रूटचा शेल '/यूएसआर/लोकल/बिन/बॅश' असा असेल तर दुरुस्तीच्या नेमक्या वेळी तो उपलब्ध नसे. म्हणजे रोजच्या कामात काहीच जाणवत नसे. तबकडी बिघडून विभाग जोडता येईनासा झाला की चूक उघडी पडे.

यालाच जोडून सामायिक संग्रहांचा प्रश्न येतो. सोलारिसच्या जुन्या आवृत्त्यांतील '/एसबिन/एसएच' स्थिर पद्धतीने बांधलेला असे. त्याला लागणारे सर्व काही त्याच्या एकाच संचिकेत असे. बाहेरून बसवलेला शेल बहुधा सामायिक संग्रहांवर अवलंबून असतो. त्यांपैकी एक जरी बिघडला तरी शेल सुरू होत नाही. याच कारणासाठी डेव्हिड बेल यांनी 'सॅश' हा स्वयंपूर्ण शेल लिहिला, तर फ्रीबीएसडीमध्ये '/रेस्क्यू' या निर्देशिकेत स्थिर पद्धतीने बांधलेली साधने दिली जातात.

अलीकडच्या लिनक्स वितरणांत '/बिन' ही निर्देशिका '/यूएसआर/बिन'मध्ये विलीन झाली आहे (फेडोरात २०१२ पासून) आणि आरंभिक स्मृतिप्रणाली '/यूएसआर' विभाग सुरुवातीलाच जोडते. त्यामुळे या अडचणीची तीव्रता घटली आहे. '/यूएसआर/लोकल' किंवा '/ऑप्ट' स्वतंत्र विभागावर असल्यास ती आजही उद्भवते.

### वाक्यरचनेतील भेद

शेल सुरू झाला तरी त्याची भाषा वेगळी असू शकते. बॉर्न परंपरेत चल-मूल्य निर्यात करण्यासाठी 'एक्सपोर्ट', तर सी शेलमध्ये 'सेटएन्व्ह' वापरतात. त्रुटी-संदेश संचिकेत वळवण्याची बॉर्न पद्धत सी शेलला समजत नाही. झेडशेलमध्ये तारांकित नमुन्याशी एकही संचिका जुळली नाही तर संपूर्ण आज्ञा थांबते. बॅशमध्ये तोच नमुना जसाच्या तसा आज्ञेकडे जातो. झेडशेलमध्ये सूचीची मोजणी १ पासून, तर बॅशमध्ये ० पासून होते. फिश तर पोझिक्स मानकाशी सुसंगत असल्याचा दावाच करत नाही.

ज्या संहितेच्या पहिल्या ओळीत अर्थक कार्यक्रमाचा मार्ग दिलेला असतो, तिच्यावर रूटचा शेल बदलण्याचा परिणाम होत नाही. ही ओळ नसलेली संहिता कोणत्या शेलने चालेल हे ती चालवणाऱ्यावर अवलंबून राहते. क्रॉन ही वेळापत्रक सेवा लिनक्सवर स्वतःहून '/बिन/एसएच' वापरते. त्यामुळे तीमधील कामे सहसा अबाधित राहतात.

### दूरस्थ आज्ञा

एसएसएचमार्फत पाठवलेली आज्ञा दूरच्या संगणकावरील खात्याच्या प्रवेश-शेलकडूनच चालवली जाते. अनेक यंत्रांची व्यवस्था पाहणारी स्वयंचलित साधने तेथे बॉर्न कुळातील शेल असल्याचे गृहीत धरतात. रूटचा शेल फिश किंवा सी शेल केल्यास प्रत्यक्ष बसून काम करताना काही वावगे दिसत नाही, परंतु रात्री चालणारी प्रतिलिपीची कामे निष्फळ ठरू शकतात.

नव्या शेलच्या आरंभ-संचिकेत स्वागताचा संदेश छापण्याची आज्ञा असेल, तर आरसिंक व एससीपी यांच्या संवादात तो मजकूर मिसळतो आणि प्रतिलिपी तुटते. प्रतिलिपी घेतली जात नव्हती हे पुष्कळदा ती लागते तेव्हाच कळते.

### आरंभ-संचिका व परिसर

प्रत्येक शेल आपापल्या आरंभ-संचिका वाचतो: बॅश '.बॅश_प्रोफाइल' किंवा '.प्रोफाइल', सी शेल '.सीएसएचआरसी' व '.लॉगिन', तर झेडशेल '.झेडएसएचईएनव्ही', '.झेडएसएचआरसी' इत्यादी. शेल बदलताच जुन्या संचिकांतील मांडणी लागू होत नाही. शोधमार्गातून '/एसबिन' व '/यूएसआर/एसबिन' गळाल्यास प्रशासकीय आज्ञा 'सापडत नाही' असे उत्तर येते. हेच लक्षण शेल न बदलताही दिसू शकते. डेबियन १० पासून (२०१९) 'एसयू' ही आज्ञा संयोगचिन्हाशिवाय दिल्यास शोधमार्ग नव्याने मांडला जात नाही.

मराठी वापरकर्त्यांना जाणवणारे एक लक्षण स्थानिक मांडणीशी संबंधित आहे. मराठी भाषा, भारत प्रदेश व यूटीएफ-८ संकेतन दर्शवणारे चल जुन्या आरंभ-संचिकेत ठेवलेले असल्यास नवा शेल मूळ 'सी' मांडणीत सुरू होऊ शकतो. अशा वेळी देवनागरी नावांच्या संचिकांऐवजी यादीत प्रश्नचिन्हे किंवा आकड्यांच्या माळा दिसतात. संचिकांना धक्का लागलेला नसतो. केवळ त्यांचे दर्शन बिघडलेले असते. नावे 'दुरुस्त' करण्यासाठी त्या पुनर्नामित करणे किंवा पुसणे हे मात्र खरे नुकसान ठरते.

### प्रवेशबंदीचा शेल

सुरक्षिततेसाठी काही प्रशासक रूटचा शेल '/एसबिन/नोलॉगिन' असा करतात. हा कार्यक्रम एक संदेश दाखवून बंद होतो. लिनक्सच्या आणीबाणी अवस्थेत 'एसयूलॉगिन' हा कार्यक्रम रूटचा परवलीचा शब्द विचारून नोंदवलेला शेल सुरू करतो आणि तो सुरू न झाल्यास '/बिन/एसएच'कडे वळतो. 'नोलॉगिन' मात्र व्यवस्थित सुरू होतो आणि लगेच संपतो. त्यामुळे पर्यायी शेलची पाळीच येत नाही. अशा प्रकारे बाहेरच्यांसाठी लावलेली कडी आतल्यांवरच पडते.

## निदान

प्रथम परवलीचा शब्द नाकारला जातो की प्रवेशानंतर सत्र संपते, हे वेगळे करणे आवश्यक असते. पहिल्या प्रकारात नोंदवहीतील प्रमाणीकरणाच्या नोंदी पाहतात. दुसऱ्या प्रकारात पासवर्ड-संचिकेतील रूटची ओळ तपासतात. ही संचिका सर्वांना वाचता येत असल्याने त्यासाठी सर्वाधिकार लागत नाहीत. ओळीतील अदृश्य चिन्हे 'कॅट -ए' या आज्ञेने दिसतात. त्यानंतर त्या मार्गावर संचिका आहे का, ती चालवण्याची परवानगी आहे का, तिचा विभाग चालवण्यास मनाई करून जोडलेला नाही ना आणि तिचे सामायिक संग्रह उपलब्ध आहेत का, हे क्रमाने पाहतात.

## दुरुस्तीच्या पद्धती

उपाय सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने योजले जातात.

1. उघडे सत्र – रूटचे एखादे सत्र चालू असल्यास ते बंद न करता तेथूनच 'युजरमॉड', 'सीएचएसएच' किंवा 'व्हीआयपीडब्ल्यू'ने जुना शेल परत लावतात. नोंद बदलली तरी आधी सुरू झालेल्या शेलवर तिचा परिणाम होत नाही.
2. सुडो – सुडोचा अधिकार असलेले दुसरे खाते असल्यास 'सुडो'पुढे थेट दुरुस्तीची आज्ञा देता येते, कारण ती रूटच्या शेलमधून जात नाही. 'सुडो -आय' मात्र रूटचाच शेल सुरू करत असल्याने निरुपयोगी ठरते. 'सुडो -एस' हा पर्याय वापरकर्त्याचा स्वतःचा शेल देतो.
3. एसयू – 'एसयू -एस /बिन/एसएच' या आज्ञेने पर्यायी शेल मागता येतो. रूटचा नोंदवलेला शेल '/इटीसी/शेल्स' यादीत नसल्यास ही मागणी सामान्य वापरकर्त्यासाठी दुर्लक्षिली जाते. त्यामुळे मार्गाचे अक्षर चुकले असेल तर हा उपाय चालत नाही. यादीतील शेलचा संच नंतर काढून टाकला असून यादी तशीच राहिली असेल तर तो चालतो.
4. आरंभ-प्राचल – ग्रबच्या सूचीत कर्नलच्या ओळीला 'इनिट=/बिन/एसएच' हे जोडून प्रणाली सुरू केल्यास कर्नल थेट शेल चालवतो. तेथे मूळ विभाग लेखनक्षम करून पुन्हा जोडावा लागतो, मगच नोंद दुरुस्त करता येते. काम संपल्यावर या शेलमधून नुसते बाहेर पडल्यास कर्नल कोलमडतो, म्हणून 'सिंक' करून सक्तीने पुनरारंभ करतात. एसईलिनक्स असलेल्या प्रणालीत '/.ऑटोरिलेबल' ही रिकामी संचिका तयार करून खुणा पुन्हा लावून घ्याव्या लागतात.
5. बाह्य माध्यम – यूएसबी किंवा सीडीवरून दुसरी प्रणाली सुरू करून मूळ विभाग जोडतात व नोंद सुधारतात. 'सीएचरूट' वापरताना शेवटी '/बिन/एसएच' स्पष्ट लिहावे लागते, अन्यथा ती आज्ञा बाह्य प्रणालीतील शेलचा मार्ग मूळ प्रणालीत शोधते. आभासी यंत्राची तबकडी दुसऱ्या यंत्राला जोडूनही हे करता येते.

फ्रीबीएसडीमध्ये एकवापरकर्ता अवस्थेत शेलचा मार्ग विचारला जातो आणि केवळ एंटर दाबल्यास '/बिन/एसएच' सुरू होतो. या प्रणालीत पासवर्ड-संचिकेवरून एक विदागार बनवले जाते. म्हणून संचिका थेट न बदलता 'व्हीआयपीडब्ल्यू' वापरणे आवश्यक असते.

चौथी व पाचवी पद्धत यंत्रापाशी हजर असलेल्या कोणालाही परवलीच्या शब्दाविना सर्वाधिकार देते. म्हणूनच सर्व्हरची खोली कुलूपबंद ठेवणे, ग्रबला परवलीचा शब्द लावणे व तबकडी कूटबद्ध करणे हे उपाय केले जातात. उलटपक्षी, मनमाडमधील कार्यालयातून मुंबईच्या विदाकेंद्रातील सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रशासकाला या दोन्ही पद्धती दूरस्थ कन्सोल उपलब्ध असेल तरच वापरता येतात. अन्यथा प्रवास करावा लागतो किंवा तेथील कर्मचाऱ्यांवर विसंबावे लागते.

## दक्षता

रूटचा शेल बदलायचाच असल्यास पुढील क्रम सुरक्षित मानला जातो: रूटचे एक सत्र उघडे ठेवणे, नवा शेल त्याचा संपूर्ण मार्ग टंकून हाताने चालवून पाहणे, तो '/इटीसी/शेल्स'मध्ये असल्याची खात्री करणे, योग्य आज्ञेने बदल करणे, दुसऱ्या सत्रातून प्रत्यक्ष प्रवेश आणि एखादी दूरस्थ आज्ञा तपासणे, आणि सर्व ठीक असल्यासच पहिले सत्र बंद करणे. पासवर्ड-संचिका साध्या संपादकात उघडण्यापेक्षा 'व्हीआयपीडब्ल्यू' वापरणे श्रेयस्कर, कारण ती आज्ञा संपादन चालू असताना संचिकेला कुलूप लावते.

तथापि रूटचा शेल मुळातच न बदलता त्याला पर्याय शोधणे अधिक निर्धोक असते. प्रवेशानंतर हवा तो शेल हाताने सुरू करता येतो. आरंभ-संचिकेत सत्र संवादी असल्यास आणि नवा शेल चालवण्यायोग्य असल्यासच तो सुरू करावा, अशी अट घालता येते. शेल नाहीसा झाल्यास जुनाच चालू राहतो. टूरसारखे दुसरे शून्य क्रमांकाचे खाते हाही पर्याय आहे. मात्र त्याचा परवलीचा शब्द व नोंदी रूटइतक्याच काळजीने जपाव्या लागतात.

शेल बदलण्याला कधी सुरक्षिततेचेही कारण असते. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅशमधील 'शेलशॉक' हा दोष उघड झाला. त्यावरील मुख्य उपाय बॅशची सुधारित आवृत्ती बसवणे हाच होता. केवळ रूटचा शेल बदलून तो दोष दूर होत नव्हता, कारण संकेतस्थळ-सेवांसारखे इतर कार्यक्रमही बॅशला बोलावत असत.

## महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात युनिक्स प्रशासनाचे एक महत्त्वाचे केंद्र म्हणजे १९८८ मध्ये स्थापन झालेली पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक ही संस्था. तिच्या परम मालिकेतील परम १०००० (१९९८) हा महासंगणक सन कंपनीच्या सर्व्हरवर व सोलारिस प्रणालीवर आधारलेला होता, तर परम युवा (२००८) लिनक्सवर चालत असे. रूटचा शेल '/एसबिन/एसएच' असण्यापासून बॅश असण्यापर्यंतचे स्थित्यंतर या दोन प्रणालींच्या दरम्यानच्या काळातले आहे. सी-डॅकनेच २००७ मध्ये डेबियनवर आधारित भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, म्हणजेच बॉस, हे मराठीसह भारतीय भाषांना आधार देणारे लिनक्स वितरण प्रसिद्ध केले. डेबियनच्या कुळातील असल्याने वर दिलेल्या लिनक्सविषयक पद्धती त्यालाही लागू पडतात.